पांढऱ्या चादरीचे गद्य

परीक्षणासाठी पुस्तक घ्यावे असा आपल्याकडे संकेत आहे. या दिवाळीत तो मी मोडतो आहे. माझ्यासमोर आहेत ती दोन पत्रके, गुळगुळीत कागदाची, तीन घड्यांची, रंगीत. दोन्ही एकाच सहल-कंपनीने काढलेली आणि दोन्ही हिवाळ्यात बर्फ पाहायला नेणाऱ्या सहलींची. एक काही वर्षांपूर्वीचे, गुलमर्गचे. दुसरे त्यानंतरचे, औलीचे. कंपनीचे नाव मी सांगत नाही. दोष तिच्या एकटीचा नव्हे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रकांचे गद्य असेच असते, आणि या गद्याचा माग काढीत गेलो तर तो आपल्या प्रवासवर्णनांच्या दारापर्यंत जाऊन पोचतो, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, जाहिरातीचे काय परीक्षण करायचे? पण वाचकहो, जरा हिशेब करा. माझ्या कादंबऱ्या केनवडात किती घरांत वाचल्या गेल्या हे मला पक्के ठाऊक आहे, आणि तो आकडा सणासुदीच्या दिवसांत मी उच्चारू इच्छित नाही. ही पत्रके मात्र रस्त्यावरच्या पानठेल्यापासून आमच्या शिक्षकांच्या खोलीपर्यंत सर्वत्र फिरली. ती वाचून माणसे वर्षभराची शिल्लक मोडतात, लेकराबाळांना लोकरीचे कपडे शिवतात, म्हाताऱ्या आईबापांना बरोबर घेतात. ज्या गद्यावर लोक एवढा भरवसा टाकतात, त्याच्याकडे टीकाकाराने पाठ फिरवावी हे काही बरे नव्हे.

आमच्या घरात पहिले पत्रक आले ते मुलाच्या हातून. त्याला स्की करायचे आहे. दोन लांब पट्ट्या पायांना अडकवून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचे, हा खेळ त्याने चित्रफितींत पाहिला आणि तेव्हापासून त्याचे चित्त ठिकाणावर नाही. आमच्या सौभाग्यवतींना शांत, स्वच्छ आणि धोका नसलेली जागा हवी आहे. राहिली आई. तिचे वय अडुसष्ट. थंडी पडली की तिला दम्याची उबळ येते. तिला बर्फ नुसता हातात घेऊन पाहायचा आहे. ती म्हणाली, "मले काही त्याच्यावर घसरायचं नाही. पण जलमभर हिवाळा हिवाळा केला, थे हीव असते कसं थे तं पाहू दे."

आईने नकळत शब्दाच्या मुळालाच हात घातला. हिवाळा म्हणजे हिमाचा काळ, आणि हीव म्हणजे हिमच. भाषेने हा शब्द जपून ठेवला, पण वऱ्हाडातल्या माणसाच्या वाट्याला त्यातले हिम कधी आले नाही. आमचा हिवाळा म्हणजे कपाशीची वेचणी, तुरीच्या बहरावर उतरणारी धुवारी, शेकोटी आणि हुरडा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र येते. महाराष्ट्राची हिमाशी ओळख एवढीच. आमच्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. ते १,६४६ मीटर. वऱ्हाडाचे थंड हवेचे ठिकाण चिखलदरा. ते साधारण १,१०० मीटर. त्यामुळे जत्रेतल्या गोळ्याचा बर्फ, कारखान्यातल्या लादीचा बर्फ आणि आभाळातून पिसासारखा उतरणारा बर्फ या तिघांना आपण एकाच नावाने हाक मारतो.

जी गोष्ट वाचकाने कधी पाहिलेली नाही तिच्याविषयी लिहिताना लेखकावरचे ओझे वाढते. पत्रकाच्या लेखकाला मात्र ते उतरल्यासारखे वाटलेले दिसते.

आता मूळ मजकुराकडे वळू. गुलमर्गच्या पत्रकात निसर्गाने अंथरलेली पांढरीशुभ्र चादर आहे, गगनाला भिडणारे वृक्ष आहेत, शब्दांत न मावणारे सौंदर्य आहे, स्वर्गाचा साक्षात अनुभव आहे आणि शेवटी 'भारताच्या स्वित्झर्लंडमध्ये आपले स्वागत' आहे. खाली ठळक अक्षरांत 'सर्व वयोगटांसाठी'. औलीचे पत्रक उघडले तर चादर तीच, वृक्ष तेच, शब्दांत न मावणारे सौंदर्य त्याच ओळीत, आणि भारताचे स्वित्झर्लंड या खेपेला उत्तराखंडात. दोन पत्रके शेजारी ठेवून मी शाळेच्या सवयीप्रमाणे तांबड्या पेन्सिलीने फरक शोधला. गावाचे नाव सोडले तर एकच शब्द बदललेला सापडला: 'स्वर्ग' खोडून 'देवभूमी' केले होते.

हा बदल का झाला हे वाचकांना ठाऊक आहेच. २०२५च्या २२ एप्रिलला पहलगामजवळ २६ माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातली सहा होती. त्यानंतर आमच्या भागातल्या अनेक कुटुंबांनी काश्मीरचा बेत रद्द केला. तो त्यांचा अधिकार होता, आणि आमच्या घरातही त्यावरून दोन दिवस बोलणे जड झाले. कंपनीने सहल दुसरीकडे नेली हेही मी समजू शकतो. पण जे वर्णन एका प्रदेशावरून उचलून दुसऱ्या प्रदेशावर जसेच्या तसे ठेवता येते, त्या वर्णनात मुळात पहिला प्रदेश होता काय? कादंबरीकाराने नायिकेचे नाव तेवढे बदलून तोच मजकूर दुसऱ्या कादंबरीत छापला, तर आपण त्याला क्षमा करणार नाही.

वास्तविक ही दोन ठिकाणे सख्ख्या बहिणींसारखी तर नाहीतच, नात्यातलीही वाटू नयेत इतकी निराळी आहेत. गुलमर्ग हे डोंगरांच्या मधले एक विस्तीर्ण कुरण आहे. पूर्वी त्याला गौरीमार्ग म्हणत. सोळाव्या शतकात युसुफ शाह चकाने त्याला फुलांचे नाव दिले. इंग्रज तिथे उन्हाळ्यात गोल्फ खेळत आणि १९२७ साली त्यांनी तिथेच स्की क्लब काढला. गोल्फचे ते मैदान हिवाळ्यात बर्फाखाली जाते आणि नवशिक्यांना त्याचा सौम्य उतार मिळतो. म्हणजे गुलमर्गला पोचलेला म्हातारा माणूस निदान चार पावले सपाटीवर टाकू शकतो. औलीची गोष्ट वेगळी. जोशीमठाच्या, म्हणजे आद्य शंकराचार्यांच्या ज्योतिर्मठाच्या, वरचा तो एक लांबलचक उतार आहे, सुमारे २,५०० मीटरांपासून ३,०५० मीटरांपर्यंत चढत गेलेला. समोर ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी उभी. दृश्य म्हणून औली श्रेष्ठ, यात मला शंका वाटत नाही. गुलमर्गच्या खोलगट कुरणातून असे एकच एक शिखर अंगावर येत नाही. पण औलीत जिकडे जाल तिकडे चढ किंवा उतार. दमेकरी माणसाला खोलीपासून चहाच्या टपरीपर्यंत जाणे हाच तिथे एक गिर्यारोहणाचा प्रकार होऊ शकतो. शिवाय जोशीमठाहून औलीला जाणारा चार किलोमीटरांचा रोपवे हेच त्या सहलीचे अर्धे आकर्षण. तो २०२३च्या जानेवारीत, जोशीमठची जमीन खचू लागली आणि घरांना तडे गेले तेव्हा, बंद करावा लागला. पत्रकात तो पाळण्यासकट छापलेला आहे.

आता ते स्वित्झर्लंड. उपमेने अपरिचित वस्तू परिचित व्हावी अशी अपेक्षा असते. इथे केनवडच्या माणसाला गुलमर्ग माहीत नाही म्हणून त्याला त्याहून अपरिचित असे स्वित्झर्लंड सांगितले जाते. हा रिवाज फार पसरला आहे. आमचे चिखलदरा विदर्भाचे नंदनवन, काश्मीर पृथ्वीवरचे नंदनवन, आणि गुलमर्ग भारताचे स्वित्झर्लंड. खुद्द स्विस लोक आपल्या गावाला कोणाचे काय म्हणतात, हे कोणी तिकडे गेलेल्याने सांगावे. गंमत इथेच संपली असती तर मी एवढी शाई खर्च केली नसती. पण या उपमेने एक गोष्ट झाकली जाते आणि ती श्वासाची आहे.

स्वित्झर्लंडमधले प्रसिद्ध झेरमाट गाव साधारण १,६०० मीटरांवर आहे, आणि धनिकांचे सेंट मॉरिट्झ १,८०० मीटरांच्या आसपास. तो देश आपल्यापेक्षा पुष्कळ उत्तरेला असल्यामुळे तिथे एवढ्या उंचीवरही हिवाळाभर बर्फ टिकतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून आपल्याला बर्फासाठी अधिक वर चढावे लागते. दर हजार मीटरांना तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्या हिशेबाने आपला बर्फ आभाळाच्या वरच्या माळ्यावर ठेवलेला आहे. गुलमर्गचे कुरणच २,६५० मीटरांवर. तिथून 'गोंडोला' नावाच्या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे ३,००० मीटरांच्या वर नेतो. हा १९९८ साली सुरू झाला. दुसरा टप्पा २००५ साली झाला, आणि तो अफरवट पर्वताच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरांपर्यंत, म्हणजे तेरा हजार फुटांच्या घरात जातो. युरोपातील सर्वांत उंच रोपवेचे ठाणे झेरमाटच्या वर ३,८८३ मीटरांवर आहे. आपले अफरवट त्याच्याही वर. याचा अभिमान अवश्य वाटावा. पण पत्रकाने उपमा दिली ती ज्या देशाची, तिथे पाहुणे रात्री सोळाशे-अठराशे मीटरांवर निजतात आणि इथे साडेसव्वीसशेवर.

उंच गेल्यावर हवेतला प्राणवायूचा वाटा कमी होत नाही, हवाच विरळ होते. गुलमर्गच्या कुरणात हवेचा दाब समुद्रकाठच्या तीन-चतुर्थांशाहून थोडा कमी असतो. अफरवटवर तो साठ-बासष्ट टक्क्यांवर येतो. वाशीमची उंची साधारण साडेपाचशे मीटर. तिथल्या हवेत वाढलेल्या छातीला हा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे हा उंचीचा त्रास काही लोकांना अडीच हजार मीटरांपासून सुरू होतो. डॉक्टर सांगतात की टप्प्याटप्प्याने चढा आणि जितके उंच हिंडाल त्यापेक्षा खाली येऊन निजा. रज्जुमार्ग मात्र माणसाला मिनिटांत तेराशे मीटर वर उचलतो. धडधाकट मुलाला त्यात मौज आहे. हृदयाचा किंवा दम्याचा रोगी असेल तर तीच मिनिटे धोक्याची.

माझ्या ओळखीचे एक शिक्षक आपल्या वडिलांना घेऊन असेच गेले होते. पत्रकात 'सर्व वयोगटांसाठी' होते, तिकिटाचे पैसे आधीच भरलेले होते, आणि वडिलांनाही वरचे पाहायचे होते. वरच्या ठाण्यावर उतरल्यावर वीस पावलांत म्हातारबुवा बर्फातच बसले. ओठ निळसर झाले. त्यांना पुढच्याच पाळण्यातून खाली आणले, आणि खाली आल्यावर ते सावरले. गोष्ट तेवढ्यावर निभावली. पण ती सांगताना ते शिक्षक कंपनीला दोष देत नाहीत; 'मीच नेले' म्हणतात. मला ते वाक्य विसरता येत नाही. पुरणपोळीचा उल्लेख त्या पत्रकात दोन वेळा आहे, उंचीचा एकदाही नाही. (त्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळते आणि कुकर नसेल तर पुरणाची डाळ लवकर शिजत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

हे सगळे दोष जाहिरातवाल्यांनी नव्याने शोधून काढले काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी ते आपल्याकडूनच उचलले.

विदर्भातून हिमालयाकडे जाणारा सर्वांत जुना वाटाड्या म्हणजे कालिदासाचा यक्ष. रामगिरी म्हणजे आपले रामटेक, हे महामहोपाध्याय मिराशींनी साधार मांडले. तो यक्ष मेघाला अलकेचा रस्ता सांगतो तेव्हा आधी काय सांगतो पाहा. थकल्यावर कोणत्या डोंगरावर टेकायचे, अंगातले पाणी सरले की कुठल्या नदीचे घ्यायचे, उज्जयिनी वाटेत पडत नसली तरी वळसा का घ्यायचा. 'मेघदूता'त शृंगार आणि विरह ओतप्रोत आहेत. पण प्रवास करणाऱ्याच्या प्रकृतीची काळजी त्यांच्याही आधी येते. मी तर म्हणेन, यक्ष खरोखरच विरही आहे हे तिथेच पटते. निरोप पोचावा अशी ज्याला तळमळ आहे तो दूताला वाटेत मरू देणार नाही.

मराठी गद्यातही हा वारसा होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. भटजी रसिक आहेत, पण किती मिळाले, किती लुटले गेले, कोणत्या गावी जीव कसा वाचला, हे ते विसरत नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवर पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. नावातला क्रम पाहण्यासारखा आहे: आधी तिथल्या लोकांची स्थिती, मग माझा प्रवास. काका कालेलकर १९१२ साली हिमालयात पायी हिंडले. पुस्तक त्यांनी गुजरातीत लिहिले, पण माणूस साताऱ्याचा, म्हणून मी त्यांना आपल्यात धरतो. पायी चालणाऱ्याला उंचीविषयी खोटे बोलता येत नाही. ती त्याच्या पोटऱ्यांत भरलेली असते.

नंतर विमाने आली, आणि प्रवासवर्णनात लेखकाचे मन हेच मुख्य स्थळ झाले. गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' १९५९चे, पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६०ची. या दोन्ही पुस्तकांवर माझे प्रेम आहे आणि 'अपूर्वाई'ची माझी प्रत शिवणीतून सुटली आहे. त्यांनी काही बिघडवले असे मी म्हणणार नाही. मोठ्या लेखकाच्या मनात हिंडणे हाही प्रवासच असतो. बिघाड झाला तो त्यांच्या मागून आलेल्या गर्दीत. मन मोठे नसताना मनाचेच वर्णन करू लागल्यावर उरतात ती विशेषणे. 'शब्दांत न मावणारे', 'डोळ्यांचे पारणे फेडणारे', 'स्वर्गीय'. दिवाळी अंकांच्या प्रवासलेखांतून ही विशेषणे वर्षानुवर्षे वाहिली, त्यांतले काही लेख माझेही होते, आणि एके दिवशी जाहिरातवाल्याने ओंजळ भरून घेतली.

या विशेषणांच्या गर्दीत पहिला बळी पडतो तो महिना. पत्रकाच्या चित्रात बर्फ बाराही महिने असतो. गुलमर्गात तसे नाही. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याला चिल्लई कलान म्हणतात, पुढच्या वीस दिवसांना चिल्लई खुर्द आणि त्यापुढच्या दहांना चिल्लई बच्चा. थंडीला नातवंडे असावीत तशी ही नावे आहेत. आमच्या सबंध पत्रकात एवढी माहिती देणारा एक शब्द नाही. पण चिल्लई कलानचाही आता भरवसा राहिलेला नाही. हिमालयात हिवाळी बर्फ पडतो तो पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वादळी वाऱ्यांमुळे. ते आले नाहीत की कुरण कोरडे. २०२४च्या जानेवारीत महिना सरत आला तरी गुलमर्ग तपकिरी होते. त्याची छायाचित्रे देशभर छापून आली. २०२५ साली तिथल्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा बर्फ अपुरा म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. आणि बर्फ भरपूर पडला तरी काळजी संपत नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी फेब्रुवारीत अफरवटच्या उतारांवर हिमस्खलन होऊन परदेशी स्कीपटू दगावले. ते आखलेल्या वाटा सोडून गेलेल्या कसलेल्या खेळाडूंसारख्यांचे मरण. आमच्या मुलासारख्याचा पहिला आठवडा खालच्या उतारावर पडण्यात आणि उठण्यातच जायचा. दोन्ही पट्ट्यांची पुढची टोके आत वळवून वेग मारायचा, हा पहिला धडा. तो आला नाही तोवर वरच्या टप्प्याचे तिकीट काढणे म्हणजे मुळाक्षरे न येणाऱ्याला ज्ञानेश्वरी हातात देणे.

ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्यांना आणखी एक पेच आहे. दिवाळीच्या सुट्टीत बर्फाची खात्री नसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो कुरणातून गेलेला असतो, वर थोडा उरतो. जेव्हा तो खरोखर असतो त्या जानेवारी-फेब्रुवारीत आम्हा मास्तरांना २६ तारखेचे झेंडावंदन असते आणि पाठोपाठ दहावीची परीक्षा येते. या दोहोंमधली आठ-दहा दिवसांची फट तेवढी आपली. त्या फटीत जायचे तर नव्या वर्षाची किरकोळ रजा पहिल्याच महिन्यात संपवायची, आणि मग पुढे अकरा महिने आजारी पडायचे नाही.

गुलमर्गची आणखी एक गोष्ट कोणत्याही पत्रकात नाही. सपाटीवरच्या बर्फात पाहुण्यांना लाकडी घसरगाडीत बसवून ओढतात. ओढणारा बैल नसतो, माणूस असतो. अंगात फेरन, हातात दोरी, आणि मागे आमच्यासारखा खाऊनपिऊन जाड झालेला गृहस्थ. तिथल्या कित्येक घरांची चूल हिवाळ्यात या दोरीवर पेटते, म्हणून 'बसू नका' असेही मला सांगवत नाही. पण त्याच्या मजुरीचा दर काय, तो टंगमर्गच्या बाजूच्या कोणत्या खेड्यातून चालत येतो, बर्फ पडला नाही त्या जानेवारीत त्याने काय केले, हे रमाबाईंनी पहिल्या पानावर लिहिले असते. आमच्या पत्रकात त्याची गाडी आहे. चित्र कापताना तो तेवढा कापला गेला आहे; दोरी चौकटीबाहेर जाताना दिसते.

आता निवड. आमच्या घरी ती चार रात्री चालली. सौभाग्यवतींचे म्हणणे औलीच बरी. मी मोजून सांगितले की हृषीकेशपासून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर डोंगरी रस्ता, म्हणजे सबंध दिवस. आणि रात्री आईला उबळ आली तर तोच दिवस उलट. श्रीनगर ते गुलमर्ग पन्नास किलोमीटर. शेवटचे तेरा टंगमर्गपासून चढाचे, बर्फात चाकांना साखळ्या बांधून जायचे. पण मोठी रुग्णालये दोन तासांच्या आत. श्रीनगर १,५८५ मीटरांवर, तिथे दोन रात्री काढल्या तर शरीराला पायरी मिळते. २०२५च्या ६ जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरला आगगाडीही जाऊ लागली, म्हणजे पायरीआधीची पायरी झाली. यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही श्वासाचा हिशेब मांडला, जिवाचा मांडला नाही." पहलगाम तिच्या मनातून गेले नव्हते, आणि त्याला माझ्याकडे मीटरांत उत्तर नव्हते. मी गप्प बसलो. शेवटी आईच म्हणाली, "तिथले लोक राह्यतेच ना? आपण दोन दिस राहू."

रिसोडच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली. श्रीनगरला न्यायला हरकत नाही, गुलमर्गला दिवसा न्या, संध्याकाळी खाली आणा, रज्जुमार्ग नको. औषधाचा पंप गळ्यात, पिशवीत नव्हे. मुलगा आणि मी चार दिवस वर राहून खालच्या उतारावर शिकणार, फार तर कोंगडोरीपर्यंत जाणार. काळा चष्मा सगळ्यांना, कारण ताज्या बर्फावरून उलटणारे ऊन डोळे जाळते. अफरवट या खेपेला नाही. मुलाचे तोंड उतरले आहे.

हे सर्व मी शाळेच्या वहीच्या दोन पानांवर लिहून काढले आणि घडी करून पत्रकात ठेवले. उंची, अंतरे, महिना, कोण कुठपर्यंत, कोण कुठे थांबेल. आईने चष्मा लावून ते सावकाश वाचले. चादर आणि स्वर्ग नसल्यामुळे तिला ते जरा कोरडे वाटले असावे.

"बरं लेह्यलं," ती म्हणाली. "पण काहून रे, बर्फ हाती घ्यायचा थे कुठी, थे नाही लेह्यलं."

मी पेन घेऊन दुसऱ्या पानाच्या तळाशी लिहिले: गोल्फचे मैदान, सकाळी अकरानंतर, ऊन असेल तर.